झोपलेली झाडं कचऱ्यात टाकू नका: बागेतल्या काचघराबद्दल आमच्या नगरपरिषदेला खुलं पत्र

मा. मुख्याधिकारी साहेब, मा. नगराध्यक्ष आणि उद्यान समितीचे सगळे सभासद,

स.न.वि.वि.

हेच अर्जाच्या नमुन्यात लिहिलं असतं तर आवक शाखेत शिक्का पडून फायलीत गेलं असतं. आधीचे दोन अर्ज तसेच गेलेत. मी कोर्टासमोर झेरॉक्स-टायपिंगचं दुकान चालवते, तुमच्याकडे येणाऱ्या अर्जांतले निम्मे माझ्याच प्रिंटरमधून निघतात, "वरील विषयास अनुसरून" मला झोपेतही टाईप करता येतं. पण या वेळी ते नको वाटलं. गावातल्या सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय, तुम्हीही गावातलेच आहात, तसंच वाचा.

विषय बागेतल्या काचघराचा आहे. बाहेर बोर्डावर "वनस्पती संग्रह कक्ष" असं लिहिलंय पण ते नाव बोर्डावरून कधी खाली उतरलं नाही, शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे काचघरच म्हणतात. खरं तर काच आता तिथे औषधालाही नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं वर चढलं आणि आपल्याकडे माड-पोफळी आडव्या झाल्या, त्याच दुपारी काचघराच्या काचा फुटल्या. मग वर्षभरानं पॉलिकार्बोनेटचे पत्रे लागले. ते उलटे लागले, त्याचं पुढे सांगते.

आता यात माझा काय संबंध, तर माझी आई. वय ७४, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, डॉक्टरांनी सांगितलंय रोज चाला पण सपाटीवर चाला. आता आपल्या गावात सपाटी आहे कुठे ते तुम्हीच सांगा. घरातून बाहेर पडलं की एक तर घाटी चढायची नाहीतर उतरायची, किनाऱ्यावर जावं तर वाळूत पाय रुततो. राहिली बाग. पावसाळ्यात बागेचं नाव काढायचं नाही, जांभ्याच्या पायऱ्यांना शेवाळ धरतं, तिथे भलेभले आपटलेत. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठलाच घामाच्या धारा. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चारच महिने आमचे. सकाळी साडेसहाला निघायचं, आईला स्वेटर आणि कानाला स्कार्फ, थर्मासात चहा, वाटेत कुणाच्या तरी वाडीत पहिला मोहर फुटलेला असतो त्याचा वास, बागेच्या गडग्यावर दव, एक फेरी मारायची आणि मग काचघरातल्या बाकावर बसून चहा प्यायचा. गेली कितीतरी वर्षं आमचा रविवार असाच सुरू होतो. मी लहान होते तेव्हा आई मला न्यायची, आता मी तिला नेते, एवढाच फरक.

आणि दुसरं म्हणजे त्या काचघरात आमचं एक झाड आहे. होतं.

आमच्या मागीलदारी एक जुना रायवळ आंबा होता, त्याच्या आडव्या फांदीवर सीतेची वेणी होती. ज्यांनी बघितली नसेल त्यांना सांगते, हे एक ऑर्किड, झाडावरच वाढतं, मे महिन्याच्या शेवटाला याला वीतभर लांब घोस लोंबतात, पांढऱ्यावर गुलाबी-जांभळे ठिपके, अगदी कुणी वेणी गुंफून ठेवावी तसा. वादळात तो आंबा मुळासकट गेला. घरातले सगळे कौलांच्या मागे धावत होते आणि आई पडलेल्या आंब्यावर वाकून कोयत्यानं सालीसकट ती वेणी सोडवत बसली होती. घरी दुसरं मोठं झाड उरलं नाही म्हणून पुढच्या वर्षी तिनं ती काचघराला दिली. तेव्हाच्या माळीकाकांनी नारळाच्या सोडणावर तारेनं बांधून पूर्वेकडच्या खांबाला टांगली, आणि खिळ्यानं ठोकून नंबर काढलेला एक पत्र्याचा तुकडा तारेत ओवला. नंबर ४१. त्यांच्याकडे एक लांबडी वही होती, त्यात ४१ समोर आईचं नाव आणि तारीख लिहिली. आईला त्या वहीतल्या नावाचं केवढं कौतुक, जशी काय तिची शाळेच्या भिंतीवर देणगीदार म्हणून पाटी लागली.

थंडीत त्या झाडाला बघण्यासारखं काही नसतं असं तुम्हाला वाटेल. फूल नाही, नवं पान नाही, चामड्यासारखी चार पानं आणि खाली लोंबणारी करंगळीएवढी जाड पांढरट मुळं. पण आई हातात पाण्याची स्प्रे बाटली घेऊन जायची, आणि दोन फवारे मारले की ती चांदीसारखी मुळं बघता बघता हिरवी व्हायची. मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं, ते पाणी पितं आणि आतला हिरवा रंग वर दिसायला लागतो, मिनिटभराचा खेळ. शाळेच्या सहली यायच्या तेव्हा माळीकाका पोरांना हाच खेळ दाखवायचे आणि पोरं ओरडायची, जादू जादू.

तर या डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी आम्ही नेहमीसारख्या सात वाजता फाटकाशी पोचलो. फाटकाला कुलूप. नवीन बोर्ड: वेळ सकाळी १० ते सायंकाळी ८, प्रवेश शुल्क प्रत्येकी २० रुपये. आधी पाच होते आणि सकाळी फिरणाऱ्यांना कोणी विचारायचं नाही. आई म्हणाली परत कुठे चढत जाणार, बसू इथेच. तीन तास फाटकाबाहेरच्या कठड्यावर बसलो, चहा संपला, ऊन चढलं, मी मध्येच जाऊन वडापाव आणला. दहाला चाळीस रुपये देऊन आत गेलो.

काचघरात गाणी चालू होती. आत शिरलं की समोर लाल हार्टची मोठी फ्रेम, तिला एलईडीच्या माळा, खांबांना प्लास्टिकच्या वेली, खाली हिरवं प्लास्टिकचं लॉन, आणि कडेनं रांगेत पिटुनिया आणि लाल पॉइन्सेटियाच्या काळ्या पिशव्या. पर्यटन महोत्सवासाठी "विंटर थीम" केलीय म्हणे. पिटुनिया मला आवडतात, खोटं कशाला बोलू, पोरंही खूश होती, फोटो काढायला रांग होती. पण बाक नव्हता. आणि आमच्या पूर्वेच्या खांबावर एक स्पीकर होता.

मागे पंपाच्या खोलीजवळ ढीग पडलेला. आई काठी टेकत तिथे गेली. त्यात नेचे, तुटक्या कुंड्या, वाळक्या काड्या, माती, सोडणं. ती वाकू शकत नाही, गुडघे वाकत नाहीत तिचे, ती काठीनं ढीग उकरायला लागली. मी म्हटलं अगं काय करतेस, लोक बघतायत. आणि काठीच्या टोकाला तो पत्रा लागला, खण्ण वाजला. ४१. तारेला अजून होता, तारेला सोडण, सोडणाला वेणी, दोन पानं मोडलेली, मुळं उन्हानं कागदासारखी झालेली.

कंत्राटदाराचा मुलगा धावत आला, म्हणजे कामावरचा पोरगा, विशीतला असेल. म्हणाला काकी त्याला हात नका लावू, बांडगूळ आहे ते, सगळ्या खांबांना बांडगुळं लटकवून ठेवली होती कोणी तरी, साहेबांनी काढायला सांगितलं. मी विचारलं आणि त्या खालच्या कुंड्या? म्हणाला त्यांच्यात काहीच नव्हतं, नुसती माती होती, तीच माती पिटुनियाला वापरली.

त्या पोरावर मी चिडले नाही. तुम्ही पण चिडू नका, नाहीतर या पत्रामुळे त्याचीच रोजंदारी जायची. चूक त्याची नाहीये.

बांडगूळ म्हणजे आंब्या-काजूच्या फांदीत मूळ घुसवून त्याचा रस ओढतं ते, आपले बागायतदार दरवर्षी फांदीसकट तोडून टाकतात आणि बरोबरच करतात. ऑर्किड कुणाचा रस ओढत नाही, नुसतं फांदीवर बसतं, पाऊस आणि हवेतल्या ओलीवर जगतं, भाडेकरूसुद्धा नाही, ओटीवर टेकलेला पाहुणा समजा. हीच सीतेची वेणी आसामचं राज्यफूल आहे, तिकडे तिला कपौ फूल म्हणतात आणि बिहूला नाचणाऱ्या मुली ती केसांत माळतात. आमच्याकडे पंपाच्या खोलीमागे.

त्या "वाळक्या काड्या" होत्या ना, ते डेंड्रोबियम होतं, तेही ऑर्किडच. थंडीत त्याची सगळी पानं गळतात, नुसत्या काटक्या दिसतात, आणि त्या काटक्यांवरच फेब्रुवारी-मार्चात पांढरीशुभ्र फुलं येतात. दोन महिने थांबला असतात तर तुमच्या हार्टच्या फ्रेमपेक्षा जास्त फोटो त्याचे निघाले असते.

आणि "नुसती माती" असलेल्या कुंड्या. हे लिहिताना मात्र माझा जीव वरखाली होतो. त्या कुंड्यांत भुईचाफा होता. भुईचाफ्याचे कंद थंडीत मातीखाली असतात, वर काही म्हणजे काही नसतं, आणि एप्रिल-मेमध्ये पानाचा पत्ता नसताना थेट मातीतून जांभळं-पांढरं फूल वर येतं. कळलावी होती, तिचा वेल दिवाळीनंतर वाळून जातो, खाली नांगराच्या फाळासारखा कंद जिवंत असतो, आणि तो विषारी असतो, तो आता त्या पिटुनियाच्या मातीत कुठे कुठे गेलाय ते देव जाणे, पोरं तिथे हात घालतात. शेवळं होती, जी पहिल्या पावसात बाजारात जुड्या बांधून येतात आणि आपण काकडं घालून भाजी करतो ती. आणि दोन पसरट कुंड्यांत दिपकाडी होती, माळीकाकांनी सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चिऱ्याची खाण सुरू व्हायच्या आधी कंद काढून आणून लावलेली. दिपकाडी कोकणच्या सड्यावरची, जून लागला की जांभ्यावरच्या चार बोटं मातीत पांढरी फुलं उभी राहतात, आपला हा पट्टा सोडला तर जगात कुठे सापडत नाही म्हणतात तिला. शास्त्रीय नावातच कोंकण आहे, दिपकाडी कोंकनेन्स. ती आपण आपल्याच बागेत माती म्हणून वापरली.

आता कंत्राटाचं. बागेचं काम अकरा महिन्यांच्या कंत्राटावर जातं, दर वेळी नवा माणूस येतो, त्याची पोरं नवी. झाडाला मात्र बारा महिने लागतात. ऑक्टोबरात आलेल्या पोरानं ती वेणी फुललेली कधी बघितलेलीच नसते, त्याला ती मेलेली वाटणारच. आणि ज्याला माहीत होतं तो माणूस निवृत्त झाला, त्याच्या जागेवर तुम्ही कुणाला घेतलं नाहीत. माझी खरी तक्रार ही आहे, बाकीच्या सगळ्या हिच्याच पोटातल्या.

तरी सांगते, कारण प्रत्येकीचं उत्तर मला हवंय.

वेळ आणि तिकीट. थंडीतली बाग ही सकाळची गोष्ट आहे. दहाला दव गेलेलं असतं, पाखरं गेलेली असतात आणि म्हातारी माणसं जेवणाच्या तयारीला घरी गेलेली असतात. संध्याकाळी आठपर्यंत लाईट लावून बाग चालू ठेवता आणि सकाळी कुलूप, हे कुणाच्या सोयीचं? बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांकडून वीस घ्या, पन्नास घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण रोज फिरायला येणाऱ्या माणसाला महिन्याला सहाशे रुपये पडतात, जोडप्याला बाराशे.

पाणी. काचघरात फॉगर, म्हणजे धुक्यासारखं पाणी फवारणारे नळ, बसवले होते, आठवतं का, उद्घाटनाला नारळ फोडला होता. पहिल्या हिवाळ्यातच बंद पडले कारण ते बोअरच्या पाण्यावर जोडले. बाग समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, जानेवारीनंतर ते पाणी मचूळ लागतं, चहा करून बघा एकदा, फाटतो. नोझलमध्ये क्षार बसले आणि ते बुजले. मग पाईपनं तेच पाणी सगळ्यांवर मारायला सुरुवात झाली, नेच्याला तेवढंच आणि डेंड्रोबियमलाही तेवढंच. डेंड्रोबियमला थंडीत विश्रांती लागते, रोज पाणी मारलं की ते बुडातून कुजतं. नेचा दोन दिवस कोरडा राहिला की करपतो. म्हणजे एकाला बुडवायचं, एकाला तहानेनं मारायचं, पाईप तोच.

आणि गोडं पाणी नाही असं म्हणू नका. काचघराचं छप्पर मी आणि भावानं पावलांनी मोजलं, साधारण वीस मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हिशेब करा, ४,८०,००० लिटर पाणी एका त्या छपरावर पडतं आणि पन्हळीतून गटारात जातं. निम्मं वाया गेलं धरलं तरी सगळा हिवाळा आणि उन्हाळा निघेल. एक टाकी बांधायची आहे फक्त. बागेच्या बाहेरच्या भिंतीवर सरकारच्या माझी वसुंधरा अभियानाची पंचमहाभूतं रंगवलीत, त्यातलं पाणी तेवढं आत येऊ द्या.

छप्पर. भाऊ फॅब्रिकेशन करतो, त्यानं वर बघितलं आणि हसायलाच लागला. या पत्र्यांना बहुतेक एकाच बाजूला ऊन सोसणारा थर असतो, ती बाजू आकाशाकडे ठेवायची, पत्र्याच्या फिल्मवर तसं छापून येतं. तुमच्या ठेकेदारानं खालची बाजू वर केली. म्हणून ते चार वर्षांत हळदीसारखे पिवळे झाले आणि हात लावला तर तडकतात. लोखंडी सांगाड्याला खाऱ्या हवेनं गंज चढलाय, त्यावर या महोत्सवासाठी गंज न खरवडताच पांढरा रंग मारलाय, आत्ताच फुगे यायला लागलेत. रंग कुणी पास केला ते मी विचारत नाही.

माहिती. मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता, २००५ चा कायदा तीस दिवसांत उत्तर द्या म्हणतो, मला दीड महिन्यानं एक ओळ आली, "सदर संग्रहाची नोंदवही अभिलेखात आढळून येत नाही." माळीकाकांना मी घरी जाऊन विचारलं. ते म्हणाले वही मी शेवटच्या दिवशी कार्यालयात टेबलावर ठेवली, पोचपावती कशाला मागू, आपलंच ऑफिस. त्या वहीत दोनशेच्या वर नोंदी होत्या, कुठलं झाड कुठून आणलं, कुणी दिलं, कधी फुललं. ती वही शोधा हो. कपाटावर, कपाटामागे, खुर्चीचा पाय उंच करायला खाली घातली असेल तिथे, पण शोधा.

आता तो ठराव. नोटीस बोर्डावर वाचला: काचघर "कार्यक्रम व छायाचित्रणासाठी" भाड्यानं द्यायचं, वाढदिवस, साखरपुडे, प्री-वेडिंग, निविदा मागवायच्यात. तुमच्यातल्याच एका सभासदांना मी दुकानात विचारलं तर म्हणाले, ताई, बेंगळुरूला लालबागेत बघा, तिथलं ग्लास हाऊस पण रिकामंच असतं, प्रदर्शनाला वापरतात. बरोबर आहे. मी बघितलंय ते. १८८९ चं बांधकाम, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवरून घेतलेलं, आणि तिथे २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास फुलांचं प्रदर्शन भरतं, लाखानं लोक येतात. पण दादा, त्या लालबागेला २४० एकर जागा आहे, झाडं ठेवायला त्यांच्याकडे बाकी सगळी बाग आहे. आपली बाग म्हणजे दोन क्रिकेटची मैदानं, आणि हिवाळ्यात नेचे-ऑर्किडला निवारा देणारी आपल्याकडे ही एकच खोली. तुलना करायची तर ही पण करा की लालबागेत माळी आहेत.

आणखी एक गंमत सांगते. "काचघर थंड देशातलं फॅड आहे, कोकणात कशाला" असंही कुणी तरी सभेत म्हणालं म्हणे. तिकडे ते कशासाठी बांधतात ते खरंच वेगळं आहे. लंडनच्या क्यू बागेतलं पाम हाऊस १८४८ मध्ये पुरं झालं, बाहेर बर्फ आणि आत ताड-माड, तळघरात बॉयलर पेटवून ऊब द्यायचे. आपला माड अंगणात उभा आहे, त्याला कोण काचेत ठेवतंय. आपल्याकडे हिवाळ्यात झाड गारठून मरत नाही, कोरड्या हवेनं मरतं. ऑक्टोबरात पाऊस गेला की जूनपर्यंत आभाळाकडे बघायचं नाही, आणि पहाटे डोंगराकडून मतलई वारा सुटतो तेव्हा माणसाचे ओठ फुटतात, नेच्याचं काय होत असेल. तेव्हा सावली पाहिजे, हवेत ओल पाहिजे, वारा अडवायला भिंत पाहिजे. उबेसाठी नाही, ओलीसाठी आहे आपलं काचघर. आणि ती ओल स्पीकर, हॅलोजन आणि केक कापायला जमलेल्या दीडशे माणसांत टिकत नाही.

भाड्याचे पैसे मिळतील हे मला कळतं. नगरपरिषदेचं उत्पन्न किती आणि खर्च किती हे तुमचेच कागद झेरॉक्स करून करून मला पाठ झालंय. पण त्यासाठी बागेच्या दारातलं खुलं रंगमंच आहे, वर्षातले दहा महिने तिथे कुत्री झोपतात. तिथे छत घाला, हार्ट लावा, दोन हार्ट लावा, भाडं घ्या. चांगल्या गोष्टी तुम्ही केल्यात त्या मी नाकारत नाही, नवीन शौचालय स्वच्छ असतं, रॅम्पमुळे आईला आत जाता येतं, त्यासाठी आभार, ते कुणी लिहून देत नाही म्हणून लिहिते.

मागण्या साध्या आहेत:

१. काचघर भाड्यानं द्यायचा ठराव मागे घ्या. निविदा निघायच्या आत.

२. काचघराला एक कायम माळी द्या. सहा नको, एक. तोपर्यंत निवृत्त माळीकाकांना मानधनावर बोलवा, ते यायला तयार आहेत, मी विचारूनच लिहितेय. त्यांनी कंत्राटाच्या पोरांना एक वर्षभर, म्हणजे पूर्ण बारा महिने, शिकवावं. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या उशाशी आहे, तिथल्या कुणाला तरी एकदा बोलावून संग्रह दाखवा, चहा मी पाजते.

३. ढिगातलं आणि पिटुनियाखालचं सगळं तसंच ठेवा. ती माती टाकून देऊ नका, चाळा, हातमोजे घालून, कंद वेगळे करा. आणि इथून पुढे जून उजाडेपर्यंत कुठलीही "रिकामी" कुंडी उपडी करायची नाही असा लेखी आदेश काढा.

४. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाग सकाळी सहाला उघडा. साठच्या वरच्यांना आणि सकाळी नऊच्या आत येणाऱ्यांना तिकीट नको. आणि काचघरातला बाक परत.

५. पन्हळीला टाकी जोडा. पत्रे बदलाल तेव्हा बाजू बघून लावा, वाटल्यास भाऊ फुकट येऊन दाखवेल.

६. प्रत्येक झाडाला मराठीत पाटी. नाव, कधी फुलतं, आणि आत्ता झोपलंय का जागं आहे. हे शेवटचं आईनं सांगितलंय, तसंच लिही म्हणाली.

वही सापडली तर एवढं सगळं निम्म्या वेळात होईल.

सीतेची वेणी आम्ही घरी आणलीय. हो, त्या दिवशी पिशवीत घालून आणली, तुमच्या मालमत्तेची चोरी म्हणा हवं तर, वहीच नाही तर सिद्ध कसं करणार ते बघा. मोडलेली पानं काढली, न्हाणीजवळच्या पेरूच्या फांदीला बांधलीय, आई रोज सकाळी दोन फवारे मारते. एक मूळ काल हिरवं झालं, बाकीची अजून पांढरीच आहेत. माळीकाका म्हणाले घाई नको, मेपर्यंत कळेल.

या पत्राची एक प्रत घेऊन मी येत्या सोमवारी अकरा वाजता कार्यालयात येते. सोबत बागेत फिरणारी आणखी माणसं असतील, घोषणा वगैरे काही नाही, आईला बसायला एक खुर्ची लागेल तेवढी ठेवा. पोचपावती मात्र घेतल्याशिवाय जाणार नाही.

आपली,
कोर्टासमोरची झेरॉक्सवाली
(नोंद क्र. ४१ ची मुलगी)